डाळिंबाचा काटा सांध्यात मोडलाय, एक्स-रेत काही दिसत नाही, पण मूठ वळत नाही

या वेळचं पत्र (थोडं कमी करून देतेय, गावाचं नाव काढलंय):

"डॉक्टर ताई, नमस्कार. मी सांगोला तालुक्यातली. आमची आठ बायकांची टोळी आहे, डाळिंबाच्या बागेत छाटणी, विरळणी, काड्या गोळा करायचं काम करतो. पाच आठवड्यांपूर्वी छाटलेल्या काड्या ओढताना उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यावर काटा घुसला. उपसून काढला पण टोक आलं नाही असं वाटतंय. दोन दिवस ठसठसलं, मग थांबलं. पंधरा दिवसांनी सांधा सुजला. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या आणि इंजेक्शन दिलं, उतरलं, गोळ्या संपल्या की परत सुजलं, असं तीनदा झालं. एक्स-रे काढला, त्यात काही नाही म्हणाले. आता सकाळी मूठ वळत नाही, कात्री धरता येत नाही. सासूबाई म्हणतात बिब्बा घाल, काटा आपोआप वर येईल. घरचे मालक म्हणतात संधिवात असेल. टीटीचं इंजेक्शन घेतलं नाही, धाकट्याच्या वेळी घेतलं होतं, तो आता नऊ वर्षांचा आहे. आमच्या टोळीतल्या एका मावशींच्या पायाला पण दोन वर्षांपासून गाठ आहे, दुखत नाही पण त्यातून पाणी येतं आणि बारीक काळे दाणे पडतात, ते पण काट्याचंच का? काय करू सांगा, सीझन चालू आहे."

ताई, नमस्कार. आधी मुद्द्याचं सांगते, कारण तुमचे पाच आठवडे आधीच गेलेत. तुमच्या सांध्यात काट्याचं टोक अजून आहे असं धरूनच पुढं चला. बोट हातात घेऊन बघितल्याशिवाय खात्रीनं कुणीच सांगू नये, मीही सांगत नाही, पण तुम्ही जो क्रम लिहिलाय ना, काटा नेमका सांध्यावर घुसला, टोक आलं नाही, दोन दिवसांत बरं वाटलं, मग पंधरा दिवस काहीच नाही, मग सूज, गोळ्यांनी उतरली, गोळ्या संपल्या की परत, हा क्रम काटा आत राहिला की असाच चालतो. चौथ्यांदा त्याच गोळ्या घेऊ नका. आता सोनोग्राफी करायची आणि तुकडा असेल तर तो काढून घ्यायचा.

एक्स-रेचं काय होतं ते समजून घ्या, कारण इथंच बहुतेक जण फसतात. एक्स-रेत हाड दिसतं, सुई-खिळा दिसतो, काच पण बहुतेक वेळा दिसते. पण काटा म्हणजे शेवटी लाकूड, आणि लाकडाची आणि आपल्या मांसाची सावली एक्स-रेत जवळजवळ सारखीच पडते, म्हणून काटा त्यात बेमालूम मिसळून जातो. एक्स-रे काढला ते चुकलं नाही, हाडाला काही झालं नाही एवढं त्यातनं कळलं. पण "एक्स-रे क्लियर आहे" म्हणजे "आत काही नाही" असं नसतं. काटा शोधायला सोनोग्राफी लागते, पोटाची करतात तीच मशीन, फक्त प्रोब वेगळा, सपाट, कातडीखालचं वरवरचं अगदी बारीक दाखवणारा. त्यात काटा पांढऱ्या छोट्या रेघेसारखा चमकतो, त्याच्या भोवती सुजेचं काळसर कडं दिसतं. मन लावून बघणारा रेडिओलॉजिस्ट असेल तर दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा पण सापडतो. तरी नाही सापडला आणि लक्षणं तशीच असली तर मग एमआरआय, पण पहिल्यांदा सोनोग्राफी, ती स्वस्त पण आहे आणि जवळ पण मिळते.

आता आत नक्की काय होतंय. डाळिंबाचा काटा म्हणजे फांदीचंच टोक टणक होऊन झालेला असतो. गुलाबाचा काटा नुसता सालीवरचा, बाजूनं अंगठ्यानं ढकलला तर सालीसकट निघतो, डाळिंबाचं तसं नाही, आत कडक लाकूड, हातात घुसल्यावर आडवा जोर आला की टोक आतच मोडतं. आणि तुमच्या हाताला तर तो काडी ओढताना लागलाय, म्हणजे आडवा जोर होताच. बोटाच्या मधल्या सांध्यावर कातडी किती पातळ असते बघा, खाली लगेच सांधा. सांध्याच्या आतून एक नाजूक अस्तर असतं, त्यातून वंगणासारखं पाणी पाझरत राहतं म्हणून बोट वळतं. त्या अस्तरात लाकडाचा कण जाऊन पडला की शरीर त्याला पचवू शकत नाही आणि बाहेरही काढू शकत नाही, मग ते अस्तर त्या कणाभोवती फुगत राहतं, जाड होतं, पाणी धरतं. डॉक्टरी भाषेत याला प्लांट थॉर्न सायनोव्हायटिस म्हणतात. सुजेच्या गोळ्या सूज दाबतात, अँटिबायोटिक जंतू असले तर मारतं, म्हणून चार दिवस बरं वाटतं, पण सुजेचं मूळ आतच बसलेलं असतं ना. काट्याचा नायटा म्हणतात आपल्याकडं, ते अगदी याच्यावर लागू पडतं.

मी हे इतकं ठासून का सांगतेय ते पण सांगते. मी नवीन होते तेव्हा, जतच्या बाजूला एका दवाखान्यात. एक धनगराचं पोरगं, नऊ-दहा वर्षांचं, डावा गुडघा सुजलेला. ताप नाही, लाली फार नाही, नुसता गुडघा भरलेला आणि पाय पूर्ण सरळ होत नाही. मी अँटिबायोटिकचा कोर्स दिला, उतरलं, परत आलं, परत दिला. दोन महिने. नंतर तर मी टीबीचा विचार करायला लागले होते, तपासण्या लिहून दिल्या होत्या. आमचे एक सिनियर आले, त्यांनी गुडघ्याला हात लावायच्या आधी त्याच्या आईला एकच विचारलं, "याला मागं कधी काटा टोचला होता का?" ती म्हणाली हो, शिंदीच्या झुडपात पडला होता, पण ते कधीच बरं झालं. मी दोन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. गुडघा उघडला तेव्हा मी तिथं होते. आतलं अस्तर लालभडक, लोंबल्यासारखं झालेलं, आणि त्यात जिऱ्याच्या अर्ध्या दाण्याएवढा काळपट तपकिरी तुकडा. गॉझवर ठेवला तेव्हा कुणी कचरा म्हणून झटकून टाकला असता एवढाच. महिन्याभरात पोरगं उकिडवं बसायला लागलं. तेव्हापासून एकच सांधा सुजलेला पेशंट समोर आला की मी पहिल्यांदा काट्याचंच विचारते, आणि दोन महिने त्या पोराला जे दुखलं ते अजून मनात सलतं.

म्हणून ताई तुम्ही जिथं जाल तिथं पहिलं वाक्य हेच बोला, "पाच आठवड्यांपूर्वी इथं डाळिंबाचा काटा घुसला होता आणि टोक आलं नव्हतं." नुसतं "बोट सुजतंय" असं म्हणू नका, कारण मधले पंधरा दिवस चांगले गेलेत म्हटल्यावर काट्याचा आणि सुजेचा संबंध समोरच्याच्या डोक्यात येत नाही, पेशंटच्याही येत नाही.

आता मालक म्हणतात संधिवात. संधिवात बहुतेक करून दोन्ही हातांना, बऱ्याच सांध्यांना धरतो, तुमचा एकच सांधा आहे आणि तोही काटा घुसला तोच, मग संधिवाताकडं कशाला जायचं आधी. पण अजून एक गोष्ट आहे ती लिहून ठेवा. काट्याच्या तुकड्याभोवती जी सूज जमते ती बायोप्सीत कधी कधी टीबीसारखी दिसू शकते, दोन्हीत पेशींचे तसेच गोळे होतात, ग्रॅन्युलोमा म्हणतात त्याला. आपल्याकडं टीबी भरपूर, त्यामुळं असा रिपोर्ट आला की टीबीच्या गोळ्या सुरू व्हायची शक्यता असते, आणि त्या सहा महिने आणि कधी जास्त पण चालतात. काट्याची गोष्ट सांगितलेली असेल तर पॅथॉलॉजीवाले वेगळ्या प्रकाशात बघून लाकडाचे कण शोधू शकतात. म्हणजे परत तेच, सांगितलेलं असलं पाहिजे.

कुठं जायचं. ऑर्थोपेडिक सर्जन चालतील, हाताचं काम करणारे हँड सर्जन किंवा प्लास्टिक सर्जन मिळाले तर उत्तमच. तुम्हाला मिरज पण जवळ, पंढरपूर-सोलापूर पण आहे, सोलापूरला सरकारी मोठ्या दवाखान्यात ऑर्थोची ओपीडी असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो त्याला आधीच विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. ऑपरेशन म्हटल्यावर घाबरू नका, बोटाचंच आहे, बहुतेक वेळा हात किंवा बोट सुन्न करून करतात, दंडाला पट्टा बांधून थोडा वेळ रक्त थांबवतात म्हणजे आतलं स्वच्छ दिसतं, तुकडा काढतात, सुजलेलं अस्तर खरवडून काढतात, पाण्यानं धुतात, आणि बऱ्याचदा त्याच दिवशी घरी सोडतात. निघालेला तुकडा आणि अस्तर तपासायला पाठवा असं आवर्जून सांगा, बायोप्सी पण आणि कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) पण, कल्चर बुरशीसाठीचं पण, कारण काट्याबरोबर झाडावरचे-मातीतले जंतू आणि बुरशी आत जाते आणि तिथं नेहमीच्या अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. त्यानंतर डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून बोट हलवायला लागायचं, दुखतंय म्हणून जपून ठेवलं की बोट आखडतं आणि मग ते सोडवणं काट्यापेक्षा अवघड जातं.

तोपर्यंत सांधा चोळू नका, तेल लावून ओढू नका, सुई घालून कोरू नका. आणि सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊया असं कुणी म्हणालं तर हात जोडून सांगा की आधी सोनोग्राफी करते, कारण आत तुकडा आणि जंतू असताना ते इंजेक्शन सूज झाकतं आणि इन्फेक्शनला मोकळं रान देतं.

एक मात्र. यातलं काही दिसलं तर तारीख-वार बघायचा नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी जायचं: पूर्ण बोट सॉसेजसारखं गोल सुजलं, बोट आपोआप थोडं वाकलेलंच राहतंय, तळहाताकडच्या बाजूनं बोटभर दाबलं की कळ येतेय, आणि दुसऱ्यानं हळूच सरळ करायला घेतलं तरी जीव जातोय. या चार गोष्टी म्हणजे बोट वाकवणाऱ्या दोरीच्या म्यानात पू झाला असं समजायचं, त्यात एक-दोन दिवस काढले तर बोट कायमचं जाऊ शकतं. थंडी वाजून ताप आला, हातावर लाल रेघ चढत गेली, काखेत गाठ आली तरी तसंच, लगेच.

बिब्ब्याचं. सासूबाईंना वाईट वाटू देऊ नका, त्या उगाच म्हणत नाहीत. तळहात-तळपायाला वरवर रुतलेला काटा असला की त्याच्याभोवती थोडा पू धरतो, कातडी मऊ पडते आणि काटा खरंच पुवाबरोबर बाहेर येतो, ते त्यांनी आयुष्यभर बघितलंय, त्या वेळी बिब्बा घातलेला असला की श्रेय बिब्ब्याला जातं. पण सांध्यातला काटा असा वर येत नाही, त्याला यायला वाटच नाही. आणि बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं हो, धोबी कपड्यावर खूण करायला वापरायचे ते, कपड्यावरनं निघत नाही असं ते तेल, मी त्यानं फोड येऊन चिघळलेले हातपाय खूप बघितलेत, मूळची जखम मुगाएवढी आणि बिब्ब्याचा भाजलेला भाग रुपयाएवढा. मग सर्जनला पण त्या कातडीवर चीर द्यायला थांबावं लागतं. रुईचा चीक पण नको, त्याचा हात चुकून डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होते. गरम गुळाचा चटका, विस्तवाचा चटका, नको. हळद लावली तर मी भांडणार नाही, पण धुतल्यानंतर, आणि काटा काढणं हे तिचं काम नाही एवढं लक्षात ठेवून.

टीटी. आता सरकारी दवाखान्यात टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस असते. काटा म्हणजे मातीतली खोल बारीक जखम, वरून लगेच बुजते, आत हवा पोचत नाही, आणि धनुर्वाताच्या जंतूला नेमकं तेच हवं असतं. मातीच्या जखमेला नियम असा की पूर्वी तीन डोस पूर्ण झालेले असले तरी शेवटच्या डोसला पाच वर्षांच्या वर झाली असतील तर एक घ्यायचा. तुमचं नऊ वर्षांपूर्वीचं, म्हणजे काटा घुसला त्याच दिवशी घ्यायला हवं होतं. धनुर्वात बहुतेक करून तीन ते एकवीस दिवसांत दिसतो, तुमचे पाच आठवडे झालेत, त्यामुळं या काट्यापुरती भीती आता कमीच, तरी उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन घेऊन टाका कारण पुढचा काटा काय सांगून येणार नाही. आणि एक, तुम्हा बायकांना बाळंतपणाच्या निमित्तानं तरी ही इंजेक्शनं मिळतात, बागेतल्या पुरुषांना विचारा शेवटचं कधी घेतलं, बहुतेकांना शाळेतलं सुद्धा आठवत नाही. मालकांना पण सोबत न्या. ज्यांचे आधीचे डोस पूर्ण आहेत का नाही तेच माहीत नाही त्यांना खोल मातीची जखम झाली तर लशीबरोबर तयार अँटिबॉडीचं दुसरं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टरांना विचारायचं.

आता मावशींचं, आणि हे ताई तुमच्या बोटाइतकंच महत्त्वाचं आहे. दोन वर्षं न दुखणारी गाठ, त्याला भोकं पडून पाणी, आणि त्यात दाणे, हे तिन्ही एकत्र असलं की मायसेटोमा असण्याची शक्यता फार असते. याला मदुरा फूट पण म्हणतात, मदुराईवरून. अनवाणी पायाला काटा किंवा काडी टोचते, तिच्याबरोबर मातीतली बुरशी किंवा एक प्रकारचे जंतू आत जातात, आणि वर्षानुवर्षं हळूहळू पसरत हाडापर्यंत जातात. दुखत नाही हीच त्यातली वाईट गोष्ट, दुखलं असतं तर माणूस आधी गेला असता. या आजाराचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे, मायसेटोमा हे नाव १८६० च्या सुमाराला हेन्री व्हँडाइक कार्टर या मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी दिलं, मेडिकलची पोरं ज्या ग्रेज अ‍ॅनाटॉमीवर शिकतात त्याच्या १८५८ च्या पहिल्या आवृत्तीतली चित्रं काढणारे तेच हे, पुढं ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन पण होते. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच लोकांचे पाय बघून त्यांनी हे लिहून ठेवलंय, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं दुर्लक्षित आजारांच्या यादीत याला घातलं ते २०१६ मध्ये. मावशींना सांगा, दाणे पुसून टाकू नका, स्वच्छ डबीत थोड्या सलाइनमध्ये ठेवा आणि कातडीच्या डॉक्टरांकडं किंवा सर्जनकडं न्या. दाणे तपासल्यावरच कळतं बुरशीचा प्रकार आहे का जंतूंचा, काळे दाणे बहुतेक बुरशीचे असतात. जंतूंच्या प्रकाराला अँटिबायोटिक चांगली लागू पडतात, बुरशीच्या प्रकाराला महिनोन्महिने बुरशीच्या गोळ्या आणि बऱ्याचदा ऑपरेशन. हाडात शिरायच्या आधी गेलं तर पाय वाचवायला खूप जागा असते. दोन वर्षं झालीत, म्हणून आता हा आठवडा सोडू नका.

टोळीतल्या बाकीच्यांसाठी, काटा घुसल्या घुसल्या काय करायचं ते सांगते, म्हणजे हे प्रकरण इथवर येणारच नाही. हिसका देऊन उपसायचा नाही. आधी हात-पाय साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायचा, बागेत ड्रिपची नळी आहेच. पण पाण्यात भिजत ठेवायचा नाही, लाकूड भिजून फुगतं, मऊ पडतं आणि काढताना मोडतं. मग उजेडात बघायचं काटा कुठल्या दिशेनं तिरका गेलाय. चांगला टोकदार चिमटा, स्पिरिटनं पुसलेला, काट्याला कातडीच्या अगदी लगत धरायचा आणि ज्या तिरक्यानं आत गेला त्याच तिरक्यानं मागं ओढायचा, सरळ, सावकाश, वर उचकटायचं नाही. टोक कातडीखाली गेलं असेल पण दिसतंय इतकं वर असेल तर उकळलेल्या सुईनं वरची पातळ कातडी काट्याच्या लांबीनं उघडायची आणि मग चिमट्यानं. आमच्या आजोबांच्या करदोट्याला चिमटा आणि कानकोरणं कायम अडकवलेलं असायचं, रानात जाणारा माणूस तेव्हा हे जवळ ठेवायचा, आता मोबाइल असतो पण चिमटा नसतो, डब्याच्या पिशवीत एक ठेवा आठ जणींत. काट्यानं काटा काढायचं मात्र बोलण्यापुरतं राहू द्या, बाभळीच्या काट्यानं कोरून कोरून एकाचे दोन तुकडे आत सोडलेले मी काढलेत.

काटा निघाला की फेकू नका, तळहातावर ठेवून टोक बघा. टोक अणकुचीदार, झाडावरच्या दुसऱ्या काट्यासारखंच असेल तर पूर्ण आला. टोक चपटं, मोडल्यासारखं, पांढरट दिसलं तर आत राहिलंय. असा काटा कागदात गुंडाळून डॉक्टरांना दाखवायला ठेवा आणि कॅलेंडरवर तारीख लिहा. आणि काही जागा अशा आहेत तिथं घरी कोरायचंच नाही: कुठलाही सांधा, तळहाताच्या बाजूनं बोटाचा घडीचा भाग, नखाखाली खोल, मान, आणि डोळा.

डोळ्याचं वेगळं सांगते. छाटताना फांदी झटकन मागं येते आणि काटा किंवा पान डोळ्याला घासून जातं, त्या वेळी फक्त खुपल्यासारखं वाटतं. मेडिकलमधून ड्रॉप आणतात, त्यात स्टिरॉइड असलं की लाली पटकन उतरते, आणि इकडं बुबुळावर बुरशी वाढत जाते. झाडाझुडपाची इजा झालेल्या डोळ्यात बुरशीचा धोका असतोच, ऊसतोडीतही हे होतं. डोळा चोळायचा नाही, काटा रुतलेलाच असेल तर ओढायचा नाही आणि दाबायचा पण नाही, वर कागदाचा कप पालथा ठेवून चिकटपट्टी लावायची आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडं. नंतर आठवड्यानं बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, उजेड सहन होईना, तरी त्याच दिवशी. साध्या पारदर्शक गॉगलला फार पैसे पडत नाहीत, ते छाटणीला प्रत्येकीला पाहिजेतच.

आणि "काटा टोचला" असं वाटलं पण शोधून काटा सापडतच नाही, गवतात किंवा काड्यांच्या ढिगात हात-पाय होता, तर थांबा. तुमच्या भागात फुरसं, तो विषारी साप, भरपूर. ढिगातून काड्या उचलताना चावलं आणि काटाच असेल म्हणून दिवसभर काम केलं अशी माणसं आलीत माझ्याकडं. काटा नाही, दोन बारीक टिपके, सूज चढत चाललीय, जखमेतून रक्त थांबत नाही किंवा हिरड्यातून येतंय, यातलं काही दिसायची वाट न बघता, संशय आला की हात-पाय न हलवता १०८ ला फोन करून सापाची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात. बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही.

हातमोज्यांचं बोलू, कारण तुम्हाला काटा छाटताना नाही, काड्या ओढताना लागलाय, आणि बहुतेकींना तसाच लागतो. पातळ कापडी मोजे काट्याला अडवत नाहीत. कोपरापर्यंतचे कातडी मोजे, वेल्डिंगवाले घालतात ते, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ते घालून कात्री चालवता येत नाही हे मला माहितीय, म्हणून कात्रीच्या हाताला रबराचा लेप असलेला घट्ट मोजा आणि फांदी धरायच्या हाताला कातडी, आणि काड्या गोळा करताना दोन्ही हातांना कातडी, शिवाय हातानं ओढायच्याऐवजी दाताळ्यानं ओढायच्या. पायात स्लिपर नको, काटा स्पंजातून आरपार येतो, जाड तळव्याचे बूट पाहिजेत. हे सगळं बागवाल्यानं द्यायला पाहिजे, एवढी महाग औषधं फवारतात बागेवर, आठ जोड मोजे जड नाहीत, मुकादमाला तुम्ही आठही जणींनी मिळून सांगा, एकटीनं नको. आणि टोळीत कुणाला शुगर असेल तर तिनं रोज संध्याकाळी पाय धुताना तळवे हातानं चाचपून बघायचे, शुगरमध्ये पाय बधिर होतात, काटा रुतलेला कळतच नाही.

तुम्ही विचारलं नाही पण मनात असणार, सीझन बुडेल का. आता असंच ओढलं तर हा पण बुडतोय आणि पुढचा पण, कारण सांध्याचं अस्तर असं महिनोन्महिने सुजत राहिलं की आतल्या गुळगुळीत भागाची झीज होते आणि मग काटा काढूनही मूठ पूर्ण वळेल असं सांगता येत नाही. पाच आठवडे म्हणजे अजून वेळ हातात आहे. टाके साधारण दहा-बारा दिवसांनी निघतात, हलकी कामं त्यानंतर, आणि कात्री कधी धरायची ते बोट किती वळतंय त्यावर, ते सर्जनच बघून सांगतील. म्हणून जाताना छाटणीची कात्री धुऊन पुसून पिशवीत घ्या, रिपोर्टांबरोबर टेबलावर ठेवा, आणि ती कशी धरता, कुठल्या बोटावर जोर येतो ते त्यांना करून दाखवा.